ती उकिडवी का बसते

माझी लेक आता दहा वर्षांची आहे. २०१८ साली, ती तीन वर्षांची असताना, मुंबईत तिच्या हृदयावर मोठं ऑपरेशन झालं. नांदुऱ्यात आमच्या गल्लीला हे माहीत आहे. त्यामुळे जवळपासच्या खेड्यांत कुणाच्या बाळाच्या हृदयात ‘भोक’ निघालं, की कुणीतरी त्या आईला आमच्या घरी घेऊन येतं. माझे मिस्टर सुतारकाम करतात. अंगणात रंधा चालू असतो, लाकडाचा भुसा उडत असतो, आणि ती बाई बाळाला पदराखाली घेऊन बसते. पाणी पिते. बराच वेळ काही बोलत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या बायांना जे सांगते, तेच इथं लिहून ठेवते.

१. सावळ्या बाळाची जीभ बघा.

निळं पडणं म्हणजे अंग निळं दिसेल, असं मला वाटायचं. आमच्या लेकीचा रंग माझ्यासारखा सावळा. रडताना ती अजून काळवंडायची, आणि सासूबाई म्हणायच्या, “रडते ना व माय, रागीट हाय पोट्टी.” सावळ्या कातडीवर निळेपण पटकन दिसत नाही. ते जिभेवर दिसतं, हिरड्यांवर दिसतं, नखांच्या मुळाशी दिसतं. आमच्या लेकीची जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी असायची आणि घरात जांभूळ नसायचं. हे मी दोन वर्षं रोज बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुसऱ्या काही बाळांमध्ये निळेपण नसतंच. ती दूध पिता पिता दमतात, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, सर्दी पुन्हा पुन्हा छातीत उतरते. हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांना हृदयात काहीतरी जन्मजात दोष असतो. म्हणजे तुमच्या तालुक्यातही ही बाळं आहेत. त्यांतली काही अजून ओळखली गेलेली नसतील.

२. ती माती खेळत नव्हती.

चालायला लागल्यावर लेकीला एक सवय लागली. अंगणात दहा-बारा पावलं पळायची आणि उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून. थोडा वेळ बसून उठायची, पुन्हा पळायची, पुन्हा बसायची. मला वाटायचं, मुंग्या बघते, माती खेळते. मी तिचे तसे फोटोही काढले होते. आज ते फोटो माझ्याच्यानं बघवत नाहीत.

अंगणवाडीच्या सेविकाताईंनी ते ओळखलं. त्यांना रोगाचं नाव माहीत नव्हतं, पण पन्नास लेकरं रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या बाईला वेगळं लेकरू कळतं. त्या म्हणाल्या, “हे पोरगी खेळून बसत नाही, दमून बसते. पुढच्या महिन्यात तपासणीची गाडी येणार हाय, तिले आणा.”

ती गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. पथकातले डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, शाळेत एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची लेकरं तपासतात. त्यांच्यातल्या मॅडमनी लेकीच्या छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. मग बोटाला छोटं यंत्र लावलं. धडधाकट लेकराच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पंचाण्णवच्या वर असतो. तिचा ७६ आला. मॅडमनी यंत्र पुसून दुसऱ्या बोटाला लावलं. तिथंही ७६.

लेकरू उकिडवं बसतं तेव्हा पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तिकडचा दाब वाढतो आणि त्या जोरानं थोडं जास्त रक्त फुफ्फुसांकडे वळतं. दोन वर्षांच्या पोरीनं स्वतःचा इलाज स्वतःच शोधून काढला होता, कुणीही न शिकवता.

३. कोणतं भोक आहे, ते विचारा.

गावात हृदयाच्या प्रत्येक दुखण्याला ‘भोक’ म्हणतात आणि प्रत्येकाला एखादं भोक बुजल्याचं माहीत असतं. आम्हालाही एका ठिकाणी सांगण्यात आलं, “मोठी झाली की बुजतं.” ते खोटं नव्हतं. काही लहान भोकं खरंच आपोआप बुजतात. पण आमच्या लेकीचं तसलं नव्हतं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. अंगभर रक्त नेणारी महाधमनी सरकून त्या भोकावर आलेली. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. चार दोष एकत्र. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८८८ साली त्यांची नीट मांडणी केली, म्हणून नाव टेट्रालॉजी ऑफ फॅलो. डॉक्टर टीओएफ म्हणतात. हे बुजत नाही. दुरुस्तच करावं लागतं, आणि ते शक्यतो पहिल्या वर्षात किंवा त्याच्या आसपास करतात. आमची तर अडीच वर्षांची झाली होती.

चित्राचा तो कागद मागून घ्या. घरी आल्यावर दहा जणांना समजवावं लागतं.

४. ग्रहणात तुम्ही काही चिरलं नव्हतं.

चिरलं असलं तरी त्यानं काही झालेलं नाही. मला हा प्रश्न चार जणींनी विचारला. माहेरच्या एका बाईनं तर तारीख काढून दाखवली. मी रात्री पडल्या पडल्या ते नऊ महिने उलटे मोजायचे. कोणत्या दिवशी कोणतं ओझं उचललं, कोणती गोळी घेतली, उपवास धरला ते चुकलं का.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात ते ओझं उतरवलं. बाळाचं हृदय आठव्या आठवड्यापर्यंत घडून झालेलं असतं. पुष्कळ बायांना तेव्हा दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं, आणि बहुतेक बाळांमध्ये दोषाचं नेमकं एक कारण सापडतच नाही. पुढच्या बाळाला दोष असण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून पुन्हा दिवस गेले तर पाचव्या महिन्याच्या सुमारास पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको करून घ्यायचा, एवढंच त्यांनी सांगितलं. हे मी आलेल्या बाईला सगळ्यात आधी सांगते, कागद बघायच्याही आधी.

५. लपवू नका.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

निदान झालं तेव्हा माझ्या नणंदेची सोयरीक चालू होती. घरात ठरलं की लग्न उरकेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. लोक म्हणतील, यांच्या घरात हृदयाचा आजार आहे. आणि आमची लेक तर मुलगी. उद्या तिचं कसं व्हायचं? सासूबाईंनी माझा हात धरून सांगितलं, “सांगू नको व माय कोणाले. पोरीची जात हाय.” त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते. म्हणून मी मान डोलावली. तो दोष त्यांच्या एकटीचा नाही, माझाही आहे.

सात महिने आम्ही लपवलं. सेविकाताई विचारायच्या तर सांगायचो, औषध चालू आहे. पथकाचा फोन आला तर उचलत नव्हतो. लेकीला लोकांसमोर पळू द्यायचं नाही, म्हणजे ती बसणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अचानक जास्त काळी पडली, श्वास जोरात चालला, तर तिला उताणी घेऊन गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि तसंच दवाखान्यात आणायचं. ते आम्ही पाठ करून ठेवलं होतं आणि ती वेळ येणार नाही असं धरून चाललो होतो.

मे महिन्यात वेळ आली. दुपारची आंघोळ घालताना ती रडली आणि रडणं थांबेना. मग रडायचंच थांबली. डोळे फिरले, अंग ढिलं पडलं, ओठ काळे. यांनी हातातली पटाशी टाकून तिला उचललं, गुडघे छातीशी दाबले आणि तसेच रस्त्यावर पळत सुटले. शेजारच्या चाचांनी त्यांची मालाची गाडी काढली. खामगावच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागेपर्यंत मी तिच्या जिभेकडे बघत होते. चाचा गाडी चालवता चालवता म्हणाले, “सहा महिन्यांपासून बघतोय मी, पोरगी बसते म्हणून. तुम्ही काही बोलेना, म्हणून मी विचारलं नाही.”

म्हणजे आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांना दिसतच होतं. फक्त मदतीचा हात पुढं करायची त्यांना सोय नव्हती.

त्या रात्री नणंदेनं स्वतः ठरवलं. जिथं बोलणी चालली होती त्यांना तिनं सांगून टाकलं. ते स्थळ मोडलं, हे मी लपवणार नाही. पुढं आणखी एक आलं, त्यांनाही तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या मुलाचे काका कल्याणला राहत होते. सोयरीक पक्की व्हायच्या आधीच त्यांचा निरोप आला की मुंबईला याल तर आमच्याकडे उतरा. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही एकोणीस दिवस राहिलो.

६. उन्हाळ्यात पाणी हे औषध.

ऑक्सिजन कमी असला की शरीर जास्त रक्त तयार करतं. लेकीचं हिमोग्लोबिन अठराच्या वर होतं. नातेवाईक म्हणायचे, रक्त तर भरपूर आहे, मग कसला आजार? पण ते रक्त घट्ट असतं. त्यात पाणी कमी पडलं की गुठळी होऊन ती मेंदूकडे जायची भीती. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. माझं माहेर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथलं बोअरचं पाणी लेकराच्या घशाखाली उतरत नाही. ऑपरेशन होईपर्यंत माहेरी जाताना गोड्या पाण्याची कॅन आधी गाडीत जायची, मग आम्ही. जुलाब, उलटी, ताप यांतलं काहीही झालं तर थांबायचं नाही, जलसंजीवनी सुरू करून सरळ डॉक्टर गाठायचा.

७. बाळाचं नाव शिधापत्रिकेवर आजच घाला.

आमच्या केशरी कार्डावर मुलाचं नाव होतं, लेकीचं नव्हतं. तीन वर्षांत वेळच मिळाला नाही, असं आम्ही म्हणायचो. मुलाच्या वेळी मात्र मिळाला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसायचं तर ओळखीचे कागद लागतात, आणि त्या एका नावापायी आमचे बारा दिवस गेले. तेव्हा या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत, आता ती मर्यादा पाच लाख आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तेव्हा योजनेत घेतलं होतं, त्यांत आपला बुलडाणा होता. रुग्णालयात गेल्यावर आधी योजनेच्या आरोग्यमित्राला शोधा.

नांदुरा हावडा लाईनवर आहे, हे आपलं भाग्यच म्हणायचं. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला नागपूर आणि पुढं रायपूर. रायपूरजवळ नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथं लेकरांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, बिलाची खिडकीच नाही. आमच्याकडे आलेल्या दोन घरांना मी तो रस्ता सांगितला. आणि हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाला व सोबतच्या एकाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत असते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आम्हाला हे परतीच्या प्रवासात एका सहप्रवाशानं सांगितलं.

८. ऑपरेशन मोफत असलं तरी घर रिकामं होतं.

हे कुणी आधी सांगत नाही. महिनाभर रंधा बंद म्हणजे महिनाभर कमाई बंद. लोकल, रिक्षा, बाहेरचं खाणं, रक्त देणाऱ्यांना आणणं-पोचवणं, नंतरच्या तपासण्यांना जाणं-येणं. माझी पोत खामगावच्या सराफाकडे गेली ती तीन वर्षांनी परत आली. तारीख मिळताच महिनाभराच्या खर्चाचा आकडा घरात बसून काढा, आणि कुणाकडून किती घ्यायचं तेही तेव्हाच ठरवा. ऐन वेळी जो भेटेल त्याच्याकडून घेतलेलं कर्ज महागात जातं.

९. बगलेत हात घालून उचलू नका.

छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेनं बांधलेलं असतं. ते जुळायला सहा आठवडे लागतात. तोवर लेकराला एक हात मानेखाली आणि एक हात ढुंगणाखाली घालून, पाळण्यातल्या बाळासारखं उचलायचं. आम्ही दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं आधी बगलेतच हात घालतो.

ऑपरेशनच्या दिवशीचं मी फार लिहू शकत नाही. सहा तास. बाहेरच्या बाकावर यांनी मोबाईलवर एक गोष्ट वाचली आणि मला सांगितली. १९४४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरला अशाच निळ्या बाळावर पहिल्यांदा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर टॉसिग नावाच्या बाईंची ती कल्पना, हात डॉक्टर ब्लेलॉक यांचे. पण ते तंत्र प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवलं होतं व्हिव्हियन थॉमस नावाच्या कृष्णवर्णीय सहायकानं. त्याचं शिक्षण शाळेपर्यंतचं, आणि प्रयोगशाळेत लागायच्या आधी तो सुतारकाम करायचा. ऑपरेशनच्या वेळी तो डॉक्टरांच्या मागं स्टुलावर उभा राहून, टाका कसा घ्यायचा ते सांगत होता. मिस्टर दोन-तीनदा म्हणाले, “सुतार होता तो.” त्यानंतर त्यांचे हात थरथरायचे थांबले.

अतिदक्षता विभागात मला आत नेलं तेव्हा तिच्या अंगात नळ्याच नळ्या होत्या. मी फक्त नखं बघितली. गुलाबी. तोवर माझ्या लेकीच्या नखांचा खरा रंग मला माहीतच नव्हता.

१०. घरी राहिलेल्या लेकराला विसरू नका.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा, आजीजवळ राहिला. परत आलो तर त्याच्या छातीत दुखायला लागलेलं. तपासलं, काही नव्हतं. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, “माझं पण हृदय दाखव ना त्या मशीनमध्ये.” त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बहीण मरणार आहे असं तो धरून बसला होता, आणि ते कुणाला विचारायची चोरी. पुढच्या तपासणीला त्याला सोबत नेलं, डॉक्टरांनी त्याला पडद्यावर बहिणीचं हृदय दाखवलं. तेव्हापासून तिच्या फायलीची पिशवी तोच धरतो.

११. दात सांभाळा.

किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसू शकतात. दात काढायचा वा कोरायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना हृदयाची फाईल आधी दाखवा. प्रतिजैविक आधी द्यायचं का ते त्यांना ठरवू द्या.

१२. खेळू द्या.

शाळेत तीन वर्षं लेक कबड्डीचे गुण लिहीत होती. शिक्षकांची काळजी मला कळत होती. पण तिच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं होतं की ही धावू शकते, दमली की तिला थांबू द्या. मी ते पत्र घेऊन शाळेत गेले, सगळं सांगितलं, व्रण कसा आहे तेही सांगितलं. परवानगी प्रत्येक लेकराच्या तपासणीवर असते, शेजाऱ्याच्या पोराला मिळाली म्हणून आपल्या पोरीला मिळेल असं नाही. पण आपण नुसत्या भीतीनं ‘नाही’ म्हणत असू, तर डॉक्टरांकडून लिहून आणावं.

व्रणाबद्दल एवढंच. बंद गळ्याचे फ्रॉक शिवायचा सल्ला मला खूप जणींनी दिला. पहिल्या वर्षी मी तसे शिवलेही. मग एक दिवस सासूबाईंनीच मोठ्या गळ्याचा फ्रॉक आणला. शेगावला महाराजांच्या दर्शनाला गेल्या होत्या, तिथून. म्हणाल्या, “गरम होते व तिले.” त्यावर आम्ही दोघी आणखी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

१३. लेकीला स्वतःला सांगा.

सगळ्या गावाला सांगून झालं, तरी एक माणूस राहिलं होतं. ‘तुझं बरं झालं’ एवढंच आम्ही तिला सांगत आलो. पण फॅलोचं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच लेकरांची फुफ्फुसांकडची झडप पुढं गळते. तिचीही गळते. आज त्रास नाही. कदाचित तरुणपणी ती झडप बदलावी लागेल, म्हणून दरवर्षी तपासणी, आयुष्यभर. हे तिच्यासमोर आम्ही खालच्या आवाजात बोलायचो आणि तिला कळत नाही असं समजायचो.

गेल्या पावसाळ्यात तिनं विचारलं, “मले पुन्हा चिरणार हायेत का?”

मिस्टर काम थांबवून तिच्याजवळ बसले. समोर एका घराची चौकट नि दार तयार होत आलं होतं. त्यांनी दार लावून दाखवलं. बघ, हे दार लागतं, पण खाली बोटभर फट राहते. वारा येतो, पण घर चालतं. तुझ्या हृदयात असं एक दार आहे. डॉक्टर दरवर्षी ती फट मोजतात. वाढली तर दार बदलावं लागेल. दुखेल, पण तू तेव्हा मोठी असशील आणि आम्ही असू.

तिनं फटीत बोट घालून बघितलं. मग म्हणाली, “मग थे दार तुम्हीच करून द्या ना, बाबा.”

यांना काही बोलता येईना. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. ती घरात गेली, भिंतीवरचं कालनिर्णय उलटून दिवाळीनंतरचा महिना काढला आणि तपासणीच्या तारखेभोवती जाड गोल केला. त्या तारखेला शाळा असेल, तर बाईंना आधी सांगावं लागेल, असंही तीच म्हणाली.